गोट्याचं पुढचं घर

कोथरूड, पुणे
९ जुलै २०२५

प्रिय दिल्या,

तुझं पत्र पंधरा दिवस टेबलावर पडून आहे. लिहायला बसलो की गोट्या येऊन पेनाचं टोपण पळवतो. आज पिंजऱ्यावर चादर टाकलीये, म्हणून जमतंय.

गोट्याला द्यायचं ठरवलंय. फोनवर बोललो असतो तर तू शिव्या घालून फोन ठेवला असतास, म्हणून पत्र.

गोट्या १४ वर्षांचा, मी ६८ चा. आफ्रिकन ग्रे पोपट नीट सांभाळला तर ४०-५० वर्षं जगतो. मी नव्वदी गाठली तरी हा छत्तिशीत! घेताना दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. जानेवारीत बायपासच्या वेळी बारा दिवस शेजारच्या वहिनी दाणापाणी बघत होत्या. परत आलो तर छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटलेली. वाटी रोज भरलेली होती रे, पण दिवसभर घरात कोणी नव्हतं. त्या दिवसापासून झोप उडाली.

लेकीकडे देता येत नाही. नातवाला दमा आहे आणि या पक्ष्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. आमच्या कट्ट्यावरचे एक म्हणाले, "सोडून द्या, पुण्य लागेल." पिंजऱ्यात वाढलेल्याला खाणं शोधता येत नाही; कावळे-घारी दोन दिवसांत पुण्य पदरात टाकतील.

मग माणसं बघायला लागलो. अगदी स्थळं बघितल्यासारखी! एकाने पहिलाच प्रश्न केला, "बोलतो का?" दुसऱ्याला रील्स करायच्या होत्या. कर्वेनगरच्या एका शिक्षिकेने मात्र विचारलं, "चावायच्या आधी काय करतो?" तिथेच मी निम्मा पाघळलो. बाई चौतीस वर्षांच्या. सहा रविवार येऊन नुसत्या बसल्या. चौथ्या रविवारी गोट्याने त्यांच्या हातून गाजर घेतलं. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या धुराने पक्षी मरतो हे सांगितलं, तर पुढच्या वेळी तवा मोडीत घालून आल्या. त्यांच्याकडे एक कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) आहे, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि मग महिनाभर दोघं वेगळ्या खोल्यांत.

कागदपत्रंही झाली. परदेशी पक्ष्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ चे नियम आहेत. मालक बदलला की तेही कळवायचं. आपल्या वाड्यातला राघू आठवतो? देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने बंद झालं, तरी आजोबांचा पिंजरा ओसरीत टांगलेलाच असायचा. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

एक वही लिहिली आहे: सूर्यफुलाच्या बिया बक्षीस म्हणून, पोटभर नाही, अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट अजिबात नको, गणपतीत ढोल वाजायला लागले की मागच्या खोलीत न्यायचं. वकील म्हणाले, मृत्युपत्रात पोपटाच्या नावावर दमडी ठेवता येत नाही, सांभाळणाऱ्याच्या नावावर येते. तसं केलंय.

आता तुझं काम. बाईंनाही उद्या काही झालं तर? तू माझ्याच वर्गातला, तुझा उपयोग नाही, रागावू नकोस. पण तुझी मुग्धा मे महिन्यात त्याला तासभर हातावर घेऊन बसली होती. वहीत दुसरं नाव तिचं लिहू का? तू हुकूम सोडू नकोस, तिला विचार. नको म्हणाली तर तसं कळव. भिडेपोटी दिलेला होकार मला नको आहे.

श्रावणात त्याला पोचवणार. दर रविवारी जाईनच. बाईंना एका गोष्टीची माफी मात्र आधीच मागून ठेवली. गुडघे धरून खुर्चीतून उठताना मी "आई गंऽऽ" म्हणतो, ते त्याने हुबेहूब उचललंय, कण्हण्यासकट. कोणीही खुर्चीवरून उठलं की सुरू होतो. बाई म्हणाल्या, चालेल, आमच्याकडे खुर्च्या चारच आहेत.

तुझा,
बंड्या