बाळ्या, ८१ सालचं पावती पुस्तक सापडलं

लालबाग
रविवार, रात्री

बाळ्या,

सात-आठ महिने झाले ना रे आपलं बोलणं होऊन. चूक माझी आहे, तुझे दोन मिस्ड कॉल होते आणि मी नंतर करतो नंतर करतो म्हणत राहिलो. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा तसाच. पण आज लिहायलाच बसलो कारण काल एक वस्तू हाती लागली आणि ती दाखवायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मंडळाचं लोखंडी कपाट रिकामं केलं काल. चाळ खाली करायचीय, दिवाळीनंतर, ते सांगतो पुढे. सगळ्यात खालच्या कप्प्यात, झांजांच्या खाली, ८१ सालचं वर्गणीचं पावती पुस्तक. स्थळप्रती जशाच्या तशा, आणि अक्षर तुझं! कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखं. नाना या अक्षरावरून तुला पट्टीने मारायचे आणि तू पुन्हा मंडळाच्या पावत्या लिहायला पहिला पुढे.

रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. चाळीत खोल्या ४८ आणि पावत्या ११२. आधी कळेना असं कसं, मग आठवलं, गावकीच्या खोल्या! तळमजल्यावरची राजापूरवाल्यांची, दुसऱ्या माळ्यावरची पाटणवाल्यांची. एका खोलीत चौदा-पंधरा माणसं, तीन पाळ्या, एक झोपून उठला की दुसरा त्याच्याच वळकटीवर आडवा, आणि वर्गणी मात्र प्रत्येकाची वेगळी, दोन रुपये का होईना पण नाव स्वतःचं पाहिजे. तू नावापुढे गाव आणि खातं लिहिलंयस, ते कोणी सांगितलं होतं तुला? देवगड, साचा खातं, मागावरचा. लांजा, रिंग खातं, सूत कातणारा. आजरा, बदली कामगार. संगमेश्वर, वाइंडिंग, ती आक्का, खानावळवाल्यांची बहीण. जुन्नरचे दोघे. पद्मशाली तीन घरं, तेलंगणातून सोलापूर आणि सोलापुरातून इथे. जौनपूरचा भय्या, ज्याच्या खोलीवर आपण टेनिस बॉल मारायचो (काच मी फोडली नव्हती, आजही सांगतो, तूच मारला होतास तो शॉट). सगळा गिरणगाव एका पुस्तकात आहे रे, आणि त्यातला एकही माणूस मूळचा लालबागचा नाही. सगळे कुठून ना कुठून आलेले, बायकामुलांना गावाला ठेवून. माझे बाबा ५६ ला आले आणि आई ६३ ला, मधली सात वर्षं ते त्या पाटणवाल्यांच्या वळकटीवरच होते.

एक गोष्ट टोचली ती पण सांगतो. आपण मिरवायचो ना, आपली चाळ कशी मिक्स, घाटी कोकणी तेलगू भय्या सगळे. ११२ पावत्या दोनदा वाचल्या, एकही बौद्ध नाव नाही. ते सगळे नायगावला, वरळीला, बीडीडी चाळींत. तुझे बाबा सांगायचे ना, साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा म्हणून महार माणसाला तिथे उभं करायचे नाहीत, त्याला रिंगमध्येच काम. गिरणीत खातं वेगळं आणि बाहेर चाळ वेगळी. खोली रिकामी झाली की कोणाला द्यायची हे चाळीतली मोठी माणसं गॅलरीत उभी राहून ठरवायची, आपण तिथेच गोट्या खेळत होतो, ऐकत होतो, आणि कधी विचारलं नाही. ७४ ला वरळीत दंगल पेटली तेव्हा आई मला शाळेत पाठवत नव्हती एवढंच आठवतं.

आणि ते पुस्तक सप्टेंबर ८१ चं आहे, बाळ्या. चार महिन्यांनी १८ जानेवारी. अडीच लाख गिरणी कामगार संपावर. ८२ चं पुस्तक पण आहे कपाटात, अर्धंसुद्धा भरलेलं नाही. गावकीवाले गावी गेले ते कायमचे, आणि आपल्या आया पोळ्या लाटायला लागल्या. तुझी आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची तो आवाज भिंतीतून यायचा मला, अजून कधीकधी जाग येते त्या वेळेला.

आता यंदाचं सांगतो. वर्गणी सगळी मोबाइलवर, पण मी हट्टाने दारोदार फिरलो आणि तुझ्यासारखंच वहीत लिहिलं. ४८ पैकी १७ खोल्यांना कुलूप. ९ खोल्यांत भाड्याने, बरेचसे बाहेरगावची पोरं, एक ओडिशाचा, दोन लखनौचे, वर्षाने बदलतात, चांगली आहेत बिचारी, आरतीला येतात. राहिली २२ घरं जुन्यांची, त्यात १३ घरांत नुसते म्हातारे. शाळेत जाणारी मुलं पूर्ण चाळीत सात. सात! आपण एका वेळी दोन टीम पाडून वर चारजण अंपायरिंगला भांडायचो. सगळे मराठी टक्का मराठी टक्का करत असतात, नाक्यावर तेच, टीव्हीवर तेच. मला वाटतं लालबागची माणसं मोजायची तर आधी वय विचारा. पाळणा किती घरांत हलतोय ते विचारा.

पेपरात आकडे यायचे तेव्हा मी वरवर वाचायचो. मुंबई शहर जिल्हा २००१ ला ३३ लाख ३८ हजार, २०११ ला ३० लाख ८५ हजार. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटातली अडीच लाख माणसं कमी होतात आणि त्याच जनगणनेत ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जातो. आता कळतंय की त्या ठाण्याच्या आकड्यात तू आहेस. तू, वहिनी, आई, आणि त्या वेळी पोटात असलेली तुझी लेक.

म्हणजे आता ते बोलायला हवं. ९४ चा शिमगा. तू खोली विकलीस पागडीने आणि मी सगळ्यांसमोर तुला पळपुटा म्हणालो. नंतर दोन वर्षं बोललो नाही, तुझ्या बदलापूरच्या घराच्या वास्तुशांतीला आलो नाही. बाबांची गिरणी बंद, बहिणीचं लग्न, आईचा दमा, हे सगळं मला माहीत होतं रे, भिंत एकच होती आपली. तरी म्हणालो.

आणि आता पुढच्या रविवारी माझी सही आहे. बिल्डरचा करारनामा. कायद्याने निदान ३०० चौरस फूट मिळणारच, हा थोडं वर देतोय, १८० च्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला ते मैदान वाटतं. पण मागच्या गल्लीतली चाळ आठव. दहा वर्षांपूर्वी टॉवर झाला. आपल्या लोकांची बिल्डिंग मागे, विक्रीचा टॉवर पुढे, दोन वेगळी गेटं, दोन वेगळ्या लिफ्ट. आधी सगळे नाचले. मग मेंटेनन्स आला, मुलांची लग्नं आली, एका खोलीचे तीन वारस आले, आणि निम्म्याहून जास्त घरं विकली गेली. मी मोजली, दारावरच्या पाट्या वाचत जिने उतरलो. वॉचमनने हटकलं, कोणाकडे जायचंय काका. त्या जागेवर आपण लगोरी खेळलोय.

आमचा चिरंजीव म्हणतो, हक्क आत्ताच विकू, ठाण्याला दोन बेडरूम येतील, सूनबाईचं ऑफिसही तिकडेच. चुकीचं काही बोलत नाही तो. तो म्हणतो बाबा, आजोबा पाटणहून निघाले तेव्हा गावाला कोणी पळपुटे म्हणालं का? मला उत्तर देता आलं नाही. ही काही बोलत नाही, नुसती गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालते, दिवसातून तीनदा, मरेल आता ती तुळस.

मी राहिलो तरी कोणासोबत राहणार हा प्रश्न आहे. २२ घरांतली किती परत येतील? मी वहीत खुणा केल्या, मनाशी, कोण येईल कोण नाही. नऊवर थांबलो. नऊ घरांचा गणपती कसा असतो रे? आणि गेलो तर मी त्या शिमग्याला जे बोललो त्याचं काय करायचं?

नातीचा फोटो बघितला, डोळे वहिनींचे घेतलेत, नशीब. तुझ्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला आलो नाही, राग धरू नकोस. आईंना नमस्कार सांग, ओळखतात का अजून आवाजावरून?

पावती नंबर ३१ तुझ्या बाबांची आहे. साचा खातं, रुपये अकरा, खाली त्यांची सही. पुस्तकातून काढली नाही, तूच काढ. शनिवारी ये, दुपारची फास्ट लोकल पकड, दादरला बदल. आणि आलास की मला एकच सांग, खरं सांग, माझं मन राखू नकोस. बदलापूरचा पहिला गणपती, ९४ चा, त्या रात्री तुला झोप लागली होती का?

तुझा,
राजा