‘मीटिंग आणि वाटाघाटींचे इंग्रजी’ म्हणून विकलेल्या अभ्यासक्रमाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन इंग्रजी प्रशिक्षण कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : ‘मीटिंग व वाटाघाटींसाठी बिझनेस इंग्रजी’ या अभ्यासक्रमात कबूल केलेले प्रशिक्षण न मिळाल्याबद्दल तक्रार व संपूर्ण फी परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात राहते. घरची शेती बघते आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक आहे. वरील अभ्यासक्रम मी स्वतःच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या नावावर घेतला. १४,९९९ रुपये फी माझ्या खात्यातून एकरकमी भरली. त्या पैशांत जे द्यायचे तुम्ही जाहिरातीत आणि फोनवर कबूल केले होते, ते मला मिळाले नाही. तुमच्या ग्राहक सेवेने माझ्या ईमेलला ठरावीक उत्तर पाठवून तक्रार ‘बंद’ दाखवली, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मला हे इंग्रजी कशाला हवे होते, ते तुमच्या विक्री प्रतिनिधीला मी पैसे भरण्याआधीच सांगितले होते. इथेही सांगते, कारण सगळी तक्रार त्यावरच उभी आहे.

सभासदांचा कापूस गोळा करून, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करून, उरलेल्या रुईच्या गाठी विकणे हे आमचे काम. घेणाऱ्यांत तामिळनाडूतल्या सूतगिरण्या असतात. तिथल्या खरेदी अधिकाऱ्याला हिंदी जेमतेम, आम्हाला तमिळ मुळीच नाही, तेव्हा बोलणे होते ते इंग्रजीत. भाव खंडीवर ठरतो, म्हणजे ३५६ किलो रुईवर. तो आकडा बोलणे त्यातल्या त्यात सोपे. कस लागतो तो त्यापुढे. ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल, वर गेला तर कट (भावातली कपात) किती, कचरा किती धरायचा, मायक्रोनेअर (धाग्याच्या तलमपणाचे माप) ३.५ च्या खाली आला तर काय, नमुना कोणाच्या प्रयोगशाळेत तपासायचा, ट्रकचे भाडे कोणाकडे आणि चुकारा किती दिवसांत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस नेला तर ८ ते १२ टक्के ओलाव्याची पट्टी आधीच ठरलेली असते, वाद घालायला जागा नसते. सूतगिरणीशी व्यवहार करताना ती पट्टी आपल्यालाच बोलून ठरवावी लागते. जो नीट बोलू शकत नाही, त्याच्यासाठी समोरचा ठरवतो. त्यातून जो पैसा जातो तो वेचणीची मजुरी उधार ठेवून आमच्या गोदामात कापूस आणून टाकणाऱ्यांचा असतो.

आजवर हे बोलणे दलाल करायचा. समोरचा काय म्हणाला हे आम्हाला दलालाच्याच तोंडून कळायचे. फोन ठेवल्यावर आमचे एक वयस्कर संचालक हमखास विचारत, “बाई, थो मानूस एवढा वेळ काय बोलून राह्यला होता?” आणि अर्ध्या तासाच्या बोलण्याचे दलाल दोन वाक्यांत उत्तर द्यायचा. त्या अर्ध्या तासात काय सोडले आणि काय कमावले, याची नोंद कुठेच नसायची. हे बोलणे आपल्या हातात घ्यायचे, एवढ्याचसाठी मी तुमच्याकडे आले.

तुमच्या मराठी जाहिरातीत लिहिले होते की लाइव्ह सराव आठ जणांच्या गटात होईल, शिकवणे मराठीतून असेल, ‘तुमच्या व्यवसायातल्या खऱ्या वाटाघाटी’ करून घेतल्या जातील, आणि ६० दिवसांत इंग्रजीच्या ए२ पातळीवरचा (साधी, रोजची वाक्ये जमणारा) माणूस बी२ पातळीवर (सहज संवाद करता येण्याइतका) जाईल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण तो तपासायला सर्वांत सोपा आहे. ए१ ते सी२ या पातळ्या तुमच्या कंपनीच्या नाहीत. त्या काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या आहेत आणि जगभर वापरल्या जातात. कोणत्या पातळीला साधारण किती तास लागतात, याचा केंब्रिजच्या परीक्षा विभागाचा अंदाज उपलब्ध आहे. शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ए२ पर्यंत १८० ते २०० तास आणि बी२ पर्यंत ५०० ते ६००. म्हणजे मधले अंतर किमान ३०० तासांचे. ते ६० दिवसांत कापायचे तर रोज पाच तास शिकवावे लागेल, एकही सुटी न घेता. तुमच्या संपूर्ण अभ्यासक्रमात व्हिडिओ ४२ तासांचे आहेत. जाहिरात लिहिणाऱ्याला या पातळ्यांची नावे ठाऊक होती, तर तासही ठाऊक असणार. बारावीनंतर इंग्रजी सुटलेल्या माणसाला ‘साठ दिवसांत’ असे सांगणे म्हणजे त्याच्या गरजेचा फायदा घेणे आहे, आणि मला याचा मनापासून राग आला आहे.

आता शिकवण्याबद्दल. ‘भाव नाकारताना’ नावाचा पाठ घ्या. काचेच्या इमारतीत कोटातले दोघे बसले आहेत. एक जण सॉफ्टवेअरच्या कामाची किंमत सांगतो. दुसरी हसून म्हणते, “आय अ‍ॅम अफ्रेड दॅट डझन्ट वर्क फॉर अस.” निवेदक ते वाक्य तीनदा म्हणून दाखवतो, मग पडद्यावर तशाच अर्थाची आणखी सहा वाक्ये येतात, आणि शेवटी प्रश्न : यातले सर्वांत सौजन्याचे वाक्य कोणते? बरोबर पर्याय दाबला की हिरवी खूण आणि पाठ संपला.

पण नकार दिल्यावरच तर बोलणे सुरू होते. समोरचा गप्प बसला तर काय करायचे? “देन टेल मी युवर लास्ट प्राइस,” असे त्याने उलटून विचारले तर? आमचे व्यवहार याच वळणावर अडतात आणि तुमचा पाठ याच वळणावर संपतो. वाटाघाट शिकवायची तर समोर कोणीतरी बसून घासाघीस करणारा हवा. अख्ख्या अभ्यासक्रमात तसा एकही प्रसंग मला करायला मिळाला नाही. वाक्ये पाठ करून घेणे वाईट नाही, पण ते दोनशे रुपयांच्या पुस्तकातही मिळते.

काय शिकवायला हवे होते, हे मी अंदाजाने बोलत नाही. हिंगणघाटला एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक सध्या मला मदत करतात. ते सूतगिरणीचे खरेदी अधिकारी होतात आणि मी आमच्या कंपनीची बाजू मांडते. त्यांनी पहिल्याच बैठकीत शिकवले की सूट आधी बोलायची नाही, अट आधी बोलायची : “इफ यू पे विदिन सेव्हन डेज, वुई कॅन रिड्यूस द रेट.” वाक्याची सुरुवात ‘इफ’ने झाली की फुकट काही सुटत नाही. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक आकडा ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असा सुटा करून समोरच्याकडून वदवून घ्यायचा. घाईने हो म्हणवून घेणारा भेटला तर “आय नीड टु टेक धिस टु माय बोर्ड” म्हणून वेळ मागायचा, त्यात कमीपणा नाही. समोरच्याने ‘वुई विल कन्सिडर’ म्हटले की ते मान्य झाले असे धरायचे नाही, तारीख विचारायची. आणि बोलणे संपले की त्याच दिवशी ईमेल : काय ठरले, काय राहिले, ओलाव्याचा कट कोणत्या प्रयोगशाळेच्या अहवालावर लागेल. लिहून ठेवले नाही तर ट्रक गिरणीच्या दारात उभा असताना नवीन कट निघतो आणि गाठी परत आणणे तर परवडत नाहीच. यातले एकही वाक्य अवघड इंग्रजीतले नाही. माझ्या पातळीच्या माणसाला ते जमते, फक्त कोणीतरी समोर बसून सराव द्यावा लागतो. तोच सराव देतो म्हणून तुम्ही पैसे घेतले होते.

तुमच्या लाइव्ह वर्गात आठ जणांऐवजी साठाहून अधिक लोक होते. स्क्रीनशॉटमध्ये संख्या दिसते. नाव, गाव, छंद एवढे प्रत्येकाने सांगेपर्यंत तास संपायचा. मी कापसाच्या व्यवहाराचे सांगितले, तेव्हा “व्हेरी नाइस” म्हणून पुढच्याचे नाव घेतले गेले. ओलाव्याचा दावा इंग्रजीत कसा खोडायचा, हा प्रश्न मी चॅटमध्ये लिहिला. उत्तर आले की शंका-निरसन विभागात विचारा. तिथे विचारले तर ‘वुड’ आणि ‘कुड’च्या व्याकरणाची लिंक आली. शिकवणाऱ्या ताईंबद्दल माझी तक्रार नाही. साठ माणसांना एकटी बाई कुठवर पुरणार? तक्रार त्यांच्यापुढे साठ माणसे बसवणाऱ्यांबद्दल आहे. वर्गाची भाषाही हिंदी होती. मराठी सापडली ती फक्त व्हिडिओखाली, यंत्राने केलेल्या भाषांतरात.

आमच्याकडे संध्याकाळी नेटवर्क धड चालत नाही आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ उतरवून ठेवायची सोय नाही. ही अडचण सांगितली, तर ‘चांगल्या कनेक्शनच्या ठिकाणी जावे’ असे उत्तर मिळाले. गावातल्या लोकांना गाठण्यासाठी जाहिरात करता, तर एवढी सोय ठेवणे अवघड नव्हते.

फी परत नाकारताना तुम्ही कारण दिले की मी २० टक्क्यांहून अधिक व्हिडिओ पाहिले आहेत. यावर माझे म्हणणे नीट वाचावे. वाटाघाटीचा भाग तुमच्या अ‍ॅपमध्ये तिसऱ्या टप्प्यात आहे, आणि पहिले दोन टप्पे पूर्ण पाहिल्याशिवाय तो उघडत नाही. ते दोन टप्पेच २० टक्क्यांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे ज्यासाठी पैसे भरले तो भाग डोळ्यांनी बघेपर्यंत परतीचा हक्क संपलेला असतो. अशी अट कोणत्याही ग्राहकाला कधीच पूर्ण करता येणार नाही. शिवाय ती अट पैसे भरण्याच्या पानावर नव्हती, नंतर आलेल्या ईमेलच्या तळाशी होती. पैसे भरण्याच्या पानावर काय होते, तर ‘सवलत संपायला १५ मिनिटे’ असे उलटे धावणारे घड्याळ. ते घड्याळ आजही धावते आहे, सवलतही तीच आहे. अशी खोटी घाई दाखवण्यावर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत बंदी घातली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि तुमची जाहिरात दिशाभूल करणारी आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या अटींमध्ये सर्व वाद तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरातच चालतील असे लिहिले आहे. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे माझ्यासाठी वर्ध्याला. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. मला आयोगात जायची हौस नाही, पण महिनाभरात उत्तर आले नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग आयोगाकडे जाईन.

माझी मागणी अशी आहे की १४,९९९ रुपये पूर्ण परत करावेत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. त्याऐवजी दुसरा अभ्यासक्रम किंवा कूपन नको. मराठी जाहिरातीतून आठच्या गटाचा, मराठीतून शिकवण्याचा आणि ६० दिवसांत बी२ चा दावा काढावा, किंवा ते खरोखर द्यावे.

आणखी एक. त्या वर्गात परिचय देताना ताडोब्यात परदेशी पर्यटकांना जंगल दाखवणारा एक गाइड होता, बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा एक सुपरवायझर होता. तीच जाहिरात वाचून आलेले. कोणी उसने घेऊन फी भरली असेल, आणि इंग्रजी जमत नाही म्हणजे आपल्यातच काही उणे आहे असे समजून गप्प बसले असेल. त्या सगळ्यांना तुम्ही स्वतःहून कळवावे की वाटाघाटीचा सराव देता आलेला नाही, आणि फी परत हवी असल्यास मिळेल. त्यांनी तक्रार करण्याची वाट पाहू नये.

दसऱ्यापासून आमच्याकडे कापूस यायला लागतो आणि गिरण्यांशी बोलणी सुरू होतात. त्याआधी हा विषय मिटावा. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावे.

आपली,
(सही)
अभ्यासक्रमाची ग्राहक, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा

सोबत : फीची पावती, जाहिरातीचे व लाइव्ह वर्गाचे स्क्रीनशॉट, ग्राहक सेवेशी झालेला ईमेल व्यवहार