पांढर उपसण्याआधी कुणी तरी पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीत शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या टेकाडावर, जेसीबी लागला होता आणि मातीच्या ट्रॉल्या रानाकडे चालल्या होत्या. पांढर टाकली की पीक जोमात येतं. माझे आजोबाही ती बैलगाडीने आणत. पण ट्रॉलीतून ढेकळाबरोबर एक खापर खाली पडलं. तांबडं, वर काळ्या रेघा, कडेला तोटीचा तुकडा. हातात घेताच इनामगाव आठवलं.

घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे मेलेलं माणूस गावाबाहेर नेत नसत. तान्हं मूल गेलं की दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात ते मूल, आणि पुरायचं घरातल्याच जमिनीखाली. त्याच जमिनीवर त्याची आई रोज वावरत असणार, हे मनातून जात नाही. मोठ्या माणसांना डोकं उत्तरेला करून उताणं निजवत आणि घोट्याखाली पावलं तोडलेली असत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका पुरुषाची पावलं मात्र शाबूत होती.

विदर्भात जुनापाणी, माहूरझरीला दफनांभोवती दगडांची वर्तुळं आहेत, ती नजरेला तरी पडतात. आपल्याकडच्या अशा दफनांवर दगड नाही, खूण नाही. पांढर हेच घर आणि पांढर हीच दफनभूमी. जेसीबीचं एक बकेट खाली गेलं की दोन्ही गेली.

शेतकऱ्याला माती घेऊ देऊ नका, असं मी म्हणत नाही. जमीन सरकारजमा होईल या भीतीने लोक सापडलेलं दडवतात, तेही मला कळतं. म्हणून मागणी एवढीच: तालुक्यातल्या पांढरींची नोंद गावनकाशावर घ्यावी, उपशाच्या परवानगीआधी जाणकाराने जागा पाहावी आणि तेही ठरावीक दिवसांत, म्हणजे पेरणी अडणार नाही. जाणकार आणायला लांब जायला नको, डेक्कन कॉलेज येरवड्यातच आहे.

खापर पडलं तिथे मी खूण करून ठेवली आहे. कुणी पाहायला येणार असेल, तर मी सोबत येईन.

– एक वाचक, येरवडा, पुणे