सुगम्यतेची अट खरेदीच्या करारातच हवी

संपादक महोदय,

बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील नोंदणी, नोकरीचा अर्ज ही सारी कामे मोबाइलवर आली, तेव्हा दिव्यांग व्यक्तींना ती कुणाच्या मदतीविना करता येतील अशी आशा होती. प्रत्यक्षात अनेक अ‍ॅपमध्ये अंध व्यक्ती पडद्यावरून बोट फिरवते आणि पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिला ‘बटन’, ‘बटन’, ‘बटन’ एवढेच ऐकवतो, कारण चित्ररूप बटनांना नावे देण्याचे साधे कामही अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी केलेले नसते. पैसे पाठवायचे बटन कोणते आणि व्यवहार रद्द करायचे कोणते, हे ओळखायचे कसे? त्यातूनही वाट काढली, तर वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला सांगणारा कॅप्चा आडवा येतो. शेवटी पासवर्डसकट फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. खासगीपणाचा हा भंग कुणाच्या खिजगणतीतही नसतो, याची मला चीड येते.

कर्णबधिरांची अडचण तर जिवावर बेतू शकते. अनेक ठिकाणी आपत्कालीन मदत मागण्यासाठी बोलणे हाच एकमेव मार्ग ठेवलेला असतो. वास्तविक रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने साध्या टेलिफोनवरून टंकलिखित मजकूर पाठवण्याचे साधन १९६४ मध्येच तयार केले होते. आज ‘रिअल टाइम टेक्स्ट’मध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी पलीकडे उमटते, त्यामुळे संकटातील माणसाला ‘पाठवा’ हे बटन दाबायला वेळ मिळाला नाही, तरी त्याचे अर्धे वाक्य मदत करणाऱ्याला दिसते.

म्हणजे तंत्र हाताशी आहे. वेब सुगम्यतेची, म्हणजे संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराच्या नवव्या कलमात माहिती व संपर्काच्या साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक लक्षणीय दिव्यांगत्वासह जगत आहेत. घोडे अडते ते खरेदीच्या वेळी. शासकीय कार्यालये, बँका आणि शिक्षणसंस्था नवी प्रणाली घेतात तेव्हा सुगम्यतेची अट करारातच असली पाहिजे. अंध, कर्णबधिर आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींकडून, त्यांना रीतसर मानधन देऊन, चाचणी करून घ्यावी आणि ती प्रत्येक अपडेटपूर्वी पुन्हा व्हावी. कारण काल नीट बोलणारे अ‍ॅप एका अपडेटने मुके होते, हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. या चाचणीत उत्तीर्ण न झालेल्या प्रणालीचे बिल अदा करू नये.

– एक वाचक