पेपराच्या घडीतनं पडलेला 300 एमबीपीएसचा कागद

संपादक साहेब, नमस्कार.

परवा रविवारी तुमचा पेपर उघडला आणि घडीतनं एक गुळगुळीत रंगीत कागद थेट माझ्या चहात पडला. इंटरनेट कंपनीची जाहिरात. 300 एमबीपीएस, म्हणजे नेटचा स्पीड, हे एवढं मोठं छापलेलं, आणि खाली स्टार मारून जे बारीक होतं ते चष्म्यानं पण दिसेना, शेवटी मुलीनं मोबाईलवर फोटो काढला, मोठा केला आणि वाचून दाखवलं, किमतीवर जीएसटी वेगळा, अटी लागू. पत्र लांब झालं तर कात्री चालवा, पण मधला हिशेब तेवढा कापू नका.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, जुनं, गल्लीतली असतात तसलंच, तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. बाहेरची खोली, सोपा, मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागं परसू. भिंती मातीच्या, दीड-दीड फूट रुंद. माणसं पाच. पोरगा पुण्याच्या कंपनीत आहे पण काम घरातनंच करतोय, मुलगी इंजिनिअरिंगला, आईला संध्याकाळी मोबाईलवर कीर्तन लागतंय आणि आमच्या हिला चुकलेली मालिका ॲपवर बघायची असते. मी आपला पेपर वाचणारा, मला नेट नसलं तरी चालतंय, बिल मात्र मीच भरतोय.

आमच्याकडं 50 चा प्लॅन होता. पोरगा स्वयंपाकघराच्या बाजूला टेबल टाकून बसायचा आणि मीटिंगमध्ये समोरच्या साहेबाचं तोंड उघडंच राहायचं, आवाज तुटायचा, मग हा लॅपटॉप उचलून बाहेरच्या कट्ट्यावर. कंपनीला फोन केला (कन्नड, हिंदी, इंग्लिश, तिन्हीला बटण आहे, मराठीला नाही, ते असो), तर तिकडची पोरगी म्हणाली सर तुमच्याकडं युजर जास्त आहेत, तुम्हाला 200 चाच प्लॅन सूट होणार. घेतला. जाहिरातीत 999, बिल आलं 1179, कारण 18 टक्के जीएसटी वरनं, आणि ऑफर पाहिजे तर सहा महिन्यांचे एकदम भरा म्हणाले म्हणून तेही भरले. पोरगा परत कट्ट्यावरच.

पुढं एक दिवस उंदरानं वायर कुरतडली, राऊटरवर, म्हणजे वाय-फायच्या डब्यावर, लाल लाईट लागली म्हणून लाईनमन पोरगा आला. वायर जोडून झाल्यावर चहा पिता पिता मी गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं लॅपटॉप राऊटरला वायरनं जोडला, स्पीड बघितला, 190 च्या वर. मग तोच लॅपटॉप वाय-फायवर घेऊन स्वयंपाकघरात गेला, चुलीजवळ उभा राहिला, स्पीड 7. म्हणाला, काका, नेट तुमच्या दारापर्यंत बरोबर येतंय, दारापासनं चुलीपर्यंत जाईना झालंय, त्याला कंपनी काय करणार गा. राऊटर आम्ही ठेवलेला बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, दिसायला बरं दिसावं म्हणून! वाय-फायच्या दोन लहरी असतात म्हणे, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 5 वाली जोरात पळते पण भिंत आली की दमते, 2.4 वाली भिंतीतनं जाते पण हळू, आणि शेजारपाजारचे सगळे राऊटर तिच्यावरच गर्दी करून बसलेले असतात. आमच्या तीन मातीच्या भिंतींपुढं दोघींनी पण हात टेकले होते. शेवटी आढ्याच्या कडेनं वीस मीटर लॅन वायर (राऊटरमधनं नेट पुढं नेणारी) मधल्या खोलीपर्यंत ओढली आणि तिथं माळ्यावर पडलेला जुना राऊटर लावला. खर्च हजाराच्या आत. पोरगा टेबलावर आला. आता 200 चं काही कामच उरलं नाही म्हणून प्लॅन कमी करा म्हटलं, तर कंपनी म्हणते सहा महिने संपल्याशिवाय खालचा प्लॅन मिळत नाही. भरलेले पैसे गेले ते गेले.

त्यानंतर मुलीला घेऊन बसलो आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. दिवसभराचा नाही, रात्री आठचा, कारण सगळी एकदम नेटवर असतात ती तेव्हाच. टीव्हीवर एचडी पिक्चर, 5 एमबीपीएस. पोराचा व्हिडिओ कॉल, 4 धरा. मुलीचं लेक्चर एचडीमध्ये, 5. आईचं कीर्तन 2 मध्ये भागतंय, तिला बुवांचा आवाज आला की पुरे. झाले 16. व्हॉट्सॲप, मोबाईलचे आपोआप होणारे अपडेट, पाहुणा आला तर त्याचा फोन, याला वरनं 10 टाका, 26. म्हणजे पाच माणसांच्या घराला 40 चा प्लॅन आरामात पुरतोय. टीव्ही फोरके (एचडीच्याही वरचं स्पष्ट चित्र) असला आणि खरंच फोरके बघत असाल तर 5 च्या जागी 15, मग 50 घ्या. आणि मी भरत होतो 200 चे!

200-300 कुणालाच लागत नाही असं नाही. ज्यांच्या पोरांना शंभर शंभर जीबीचे गेम उतरवायचे असतात त्यांना 50 वर साडेचार तास लागणार, 300 वर पाऊण तास, आता त्या पावणेचार तासांसाठी दर महिन्याला जादा पैसे द्यायचे का ते ज्याचं त्यानं बघावं, रात्री लावून झोपलं तर सकाळी उतरलेला असतोय की. यात अजून एक गोम आहे, एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, फाईल मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून 100 च्या प्लॅनवर डाऊनलोड सेकंदाला साडेबारा एमबीनंच होणार, ते बघून कंपनीनं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, मी जाऊन आलोय.

खरं भांडायचं ते अपलोडवरनं. कागदावर जो मोठा आकडा असतो तो बहुतेक खाली उतरवायचा, वर चढवायचा किती ते पुष्कळदा छापलेलंच नसतं. माझा एक मित्र वडगावात लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतोय, हंगामात एका लग्नाचे 50 जीबी पार्टीला पाठवायचे असतात. अपलोड 10 असला तर अकरा तास, 100 असला तर तासाभराच्या वर थोडं. त्याच्यासाठी डाऊनलोड 40 आहे का 400 याला काही अर्थ नाही. घरात कॅमेरे लावलेत आणि त्यांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठतंय त्यांनी पण हेच विचारावं.

आणि ते 'अनलिमिटेड'. फायबरच्या पुष्कळ प्लॅनला महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते, ती संपली की स्पीड पाडतात. पण घाबरायचं कारण नाही, एचडी टीव्हीला तासाला 3 जीबी धरा, टीव्ही महिनाभर रात्रंदिवस बंदच केला नाही तरी 2160 जीबीच होतात. हजार जीबीवाला वायरलेस, म्हणजे वायरीऐवजी टॉवरवरनं येणारं नेट, घेणाऱ्यांनी मात्र जरा बघून घ्यावं. माझी सासुरवाडी खानापूर भागात, तिकडं गावात अजून वायर नाही, मेहुण्यानं छतावर डबा लावून घेतलाय, दुपारी झकास चालतंय आणि संध्याकाळी सगळा गाव टॉवरवर चढला की गोल गोल फिरत बसतंय. तिथं 100 चा प्लॅन घ्या नाहीतर 300 चा, आठ वाजता दोघांची गत एकच.

म्हणून नवीन कनेक्शन घेणाऱ्यांना माझं सांगणं, एजंटाला काही विचारू नका, त्याच कंपनीचं नेट असलेल्या गल्लीतल्या माणसाला विचारा, रात्री आठला कसं चालतंय आणि वायर तुटली तर लाईनमन किती दिवसांनी येतोय. पहिल्यांदा एकच महिन्याचे पैसे भरा, सहा महिन्यांचे भरा म्हणून कितीही मागं लागले तरी. ओटीटी (पिक्चर-मालिकांची ॲपं) फुकट म्हणतात त्यातली किती ॲपं तुमच्या घरात उघडतात ते मोजा, आमच्यात अकरातली दोन. लाईटीचं तर तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात किती वेळा जाते ते, राऊटरला लावायचा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी) मिळतोय तो घ्या, प्लॅनमध्ये वाढवणार होता ते पैसे तिकडं घाला.

तुमच्याकडं एकच मागणं. जाहिराती तुम्ही घ्याच, पेपर चालायला पाहिजे, पण कंपनीवाल्यांना सांगा की जीएसटी धरून किंमत, अपलोडचा स्पीड आणि मर्यादा संपल्यावरचा स्पीड, हे तीन आकडे त्या 300 एवढ्याच मोठ्या अक्षरात छापा म्हणावं. परवाचा कागद मी वाळवून ठेवलाय, चहाचा डाग आहे, पाहिजे तर आणून दाखवतो.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव