कुंदनला जिवंत करण्याचा हक्क कोणी दिला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘रांझणा’ या हिंदी चित्रपटाची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत लागली, ती शेवट बदलून. २०१३ च्या मूळ चित्रपटात बनारसचा कुंदन रुग्णालयातल्या खाटेवर प्राण सोडतो. नव्या आवृत्तीत तो डोळे उघडतो. हे दृश्य कुंदनची भूमिका करणाऱ्या धनुषने कधी केलेच नव्हते. चित्रपटाचे हक्क हाती असलेल्या ‘इरॉस’ने ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतले. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी कडाडून विरोध केला, धनुषनेही आपला आक्षेप जाहीर केला. तरी खेळ झालेच.

कुंदनचा मृत्यू प्रेक्षकांना रडवण्यासाठी शेवटी चिकटवलेला नव्हता. ज्या झोयावर तो जीव टाकतो, तिचा संसार त्याच्याच हातून उभा राहण्याआधी मोडतो आणि तिचा प्रियकर जिवाला मुकतो. पुढची त्याची सारी धडपड प्रायश्चित्ताची आहे. तो जगला की ते प्रायश्चित्त अर्धे राहते आणि चित्रपटही. २०१३ साली नाशिकला हा चित्रपट पाहिला तेव्हा शेवटी कोणी लगेच खुर्ची सोडली नाही, हे मला अजून आठवते.

आणि नाव तरी बघा. तमिळ दंतकथेतला अंबिकापती हा कवी कंबन याचा मुलगा. चोळ राजकन्या अमरावतीवर त्याचे प्रेम जडले. प्रेमाचा उल्लेख न करता शंभर पदे गायलीस तर सुटशील, अशी अट राजाने घातली. मोजण्यात चूक झाली, शंभर पुरी झाली असे समजून अमरावती पुढे आली, तिला पाहताच त्याच्या तोंडून प्रेमाचे पद निघाले आणि त्याला प्राण गमवावे लागले. तमिळ प्रेक्षकाला हे नावच सगळे सांगून जाते. त्या नावाखाली गोड शेवट दाखवणे मला फार लागले.

कायदा इथे दिग्दर्शकाच्या पाठीशी उभा राहत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीची मोडतोड झाली तर कर्ता दाद मागू शकतो. पण त्याच कायद्याने चित्रपटाचा कर्ता ठरवला आहे तो निर्माता! मुख्य दिग्दर्शकालाही कर्ता मानावे, असा प्रस्ताव २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होता. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा तो गळाला. गीतकार-संगीतकारांना त्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क मिळाला, ते योग्यच झाले. दिग्दर्शक मात्र तिथेच राहिला.

पैसा निर्मात्याचा असतो, जोखीमही त्याचीच, हे मान्य. चित्रीकरण चालू असताना त्याने वाद घालावा, कात्री मागावी. पण बारा वर्षे लोकांच्या मनात असलेला शेवट दिग्दर्शकाच्या लेखी संमतीशिवाय बदलता येऊ नये. गळालेली ती तरतूद संसदेने पुन्हा आणावी. तोवर अशा प्रत्येक आवृत्तीच्या जाहिरातीवर आणि तिकिटावर ‘हा शेवट दिग्दर्शकाचा नाही’ असे ठळक छापणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, नाशिक