तुळईतली तीन बारीक वर्षं

चोपडा,
11 मे

प्रिय नाना,

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं माझ्याकडे बाकी आहेत, एक दिवाळीचं आणि एक ताईच्या साखरपुड्याचं. साखरपुड्याला आलो नाही, साधा निरोपही पाठवला नाही. कारण सांगत बसत नाही. तू रागावला असशील तर तो राग मला मान्य आहे. माझी साखर गोळीवर आहे, गुडघा पट्ट्यावर. तुझी वहिनी बरी आहे. आबा एक्याण्णवचे झाले, नजर कमी झाली, कान मात्र तिखट. तब्येतीचं एवढं पुरे.

घर पाडलं, नाना. गल्लीतलं आपलं धाब्याचं घर. दादाचंही बरोबर आहे म्हणा. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायला आता माणूस मिळत नाही, आणि गेल्या पावसाळ्यात माजघरात सात ठिकाणी पातेली ठेवली होती. आता तिथे स्लॅब पडेल. तुला हे सांगितलं तर तू ओट्यावरच्या सारीपाटाच्या रेघांबद्दल विचारशील. त्या गेल्या.

पण मला सांगायचंय ते निराळंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

तुळया उतरवल्या तेव्हा मी तिथेच उभा होतो. चौदा निघाल्या, सगळ्या सागाच्या, सातपुड्यातून बैलगाडीने आणलेल्या. माजघरातली मोठी ट्रकमध्ये बसेना म्हणून सुताराने तिचं एक टोक कापलं. करवत फिरली आणि शंभर वर्षांच्या धुराने काळ्या पडलेल्या त्या लाकडातून ताज्या सागाचा तेलकट वास आला. भुसा पिवळाधमक. मी ती चकती उचलली, घरी आणली आणि तीन संध्याकाळी पॉलिश पेपरने घासली. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, दोनशेवीस, शेवटी चारशे. ओल्या फडक्याने पुसली आणि वर्तुळं उठून आली, केळीचा खांब आडवा कापावा तशी.

सागाचं हे मोठं भाग्य. आंबा कापलास तर वर्षावर्षाची रेघ अशी स्वच्छ हाती लागत नाही. साग उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतो, वाढ थांबवतो. पाऊस आला की घाईघाईने मोठ्या तोंडाच्या नळ्या तयार करतो, पुढे बारीक. त्या मोठ्या नळ्यांची ओळ म्हणजे नव्या वर्षाची सुरुवात. पाणी चांगलं तर कडं रुंद, पाणी नाही तर अरुंद. भिंगातून ती ओळ सुईने टोचलेल्या भोकांसारखी दिसते. शाळेतून निवृत्त होताना पोरांनी दिलेलं भिंग शेवटी कामी आलं.

सत्त्याऐंशी कडी मोजली. बहुतेक ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद. पण बाहेरून आत मोजत गेलं की चौदावं, पंधरावं, सोळावं, ही तिन्ही सुतळीच्या धाग्यासारखी. नख ठेवलं तर एका नखाखाली तिन्ही झाकली जातात.

चौकटीवर शके 1836 कोरलेलं होतं, तुला आठवत असेल, आपण त्यावर कोळशाने मिशा काढायचो. म्हणजे 1914. लाकूड दोनेक वर्षं आधी तोडून वाळवलं असं धर, म्हणजे बाहेरचं कडं 1912 चं. आता मोज. चौदावं कोणतं येतं?

1899. संवत 1956. छप्पनचा दुष्काळ, नाना.

माझे हात थरथरले, खोटं नाही सांगत. आबांचे आजोबा छप्पनमध्येच या गावी आले ना. दोन मुलं वाटेत गेली, बैल विकला, आणि तापीकाठी कोणीतरी कण्या घातल्या म्हणून उरलेले जगले. ही गोष्ट तू आमच्या ओट्यावर शंभरदा ऐकली आहेस. कागदावर त्याचा एक शब्द नाही. त्या मुलांची नावंसुद्धा कोणाला माहीत नाहीत. आणि इथे झाडाने ते लिहून ठेवलंय असं मला वाटलं. 1896-97 लाही दुष्काळ होताच, म्हणून सलग तीन बारीक कडी आणखीच पटली.

मी चकती आबांच्या मांडीवर ठेवली. त्यांचं बोट धरून त्या जागी टेकवलं आणि म्हटलं, "आबा, हा छप्पन." ते बराच वेळ बोलले नाहीत. बोट तसंच. मग म्हणाले, "माय वं, एवढासा?" आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून चकती त्यांच्या उशाशी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतात, त्याचं बोट धरतात आणि "हा छप्पन" म्हणतात. सरपंच येऊन गेले, शाळेतली पोरं आली.

आणि नाना, तो छप्पन नाही. नसावा. दोन महिने झाले, मला हे खात्रीने माहीतही नाही आणि विसरताही येत नाही.

कसं कळलं ते सांगतो. बांधावरचा साग, आबांनी 1960 मध्ये लावलेला, परवानगी काढून यंदा तोडला. त्याचं मोजायचं वर्ष पक्कं, कारण झाडाची साल शेवटपर्यंत अंगावर. मी म्हटलं, चला, 1972 काढू. आपण दोघांनी पाझर तलावाच्या कामावर आयांच्या मागे बसून सुकडी खाल्ली ते वर्ष. लाल मिलोच्या भाकरीने तुझं पोट दुखलं होतं आणि तू दुष्काळ संपेपर्यंत जेवणार नाही अशी शपथ घेतली होतीस, ती संध्याकाळपर्यंत टिकली. तर ते कडं चांगलं दणदणीत बारीक असणार अशी माझी खात्री. मोजलं. 1972 चं कडं शेजारच्या कड्यांएवढंच रुंद! पुन्हा मोजलं, दुसऱ्या बाजूने मोजलं. तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. तो साग विहिरीच्या पाटाला लागून. गाव तहानलेलं होतं तेव्हा त्याची मुळं ओलीत होती. त्याला दुष्काळ कळलाच नाही. माहीतगार लोक म्हणूनच खडकाळ उतारावरची झाडं निवडतात, जिथे पावसाशिवाय दुसरा आधार नाही. आणि उलटही होतं. सागाची पानं अळी चाळणीसारखी करून टाकते, त्या वर्षी पाऊस भरपूर पडला तरी कडं बारीक. वणवा लागला तरी बारीक. शेजारच्या मोठ्या झाडाने सावली धरली तरी बारीक. एका झाडाच्या साक्षीवर साल ठरवायचं नाही. वीस-पंचवीस झाडं, प्रत्येकाचे दोन नमुने, आणि बारीक-रुंद कड्यांची लय सगळ्यांत एकसारखी जुळली, तरच तो पावसाचा आवाज.

मग मी आपल्या तुळईकडे परत गेलो आणि जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. ती चौकोनी तासलेली आहे. सुताराने बाहेरचं पांढरं लाकूड पूर्ण काढून टाकलंय, कारण त्याला कीड लागते. म्हणजे मी ज्याला शेवटचं कडं समजलो ते शेवटचं नाहीच. त्याच्या बाहेर किती वर्षं वासल्याने छिलून अंगणात पडली आणि चुलीत गेली, कोणाला माहीत? दहा? तीस? एकवीस गेली असं धरलं तर ती तीन बारीक वर्षं 1876, 1877, 1878 वर बसतात. तोही महादुष्काळच, दख्खन ओस पडलेला. पण तो आमचा नाही, नाना. आमची मुलं त्यात गेली नाहीत. आणि ही तुळई आणखी जुन्या घरातून काढून आणलेली असेल तर सगळंच मुसळ केरात.

तुला आता पालच्या लाकूड डेपोतलं भांडण आठवलं असेल. त्या ओंडक्यावर तू एक्केचाळीस मोजलीस, मी त्रेचाळीस, आणि तू म्हणालास, "तू दोन कडी घरून आणली का?" महिनाभर आपण बोललो नाही. तुझी माफी मागायला पन्नास वर्षं लागली असं समज, पण निम्मीच मागतो. सागाचा बुंधा पन्हाळीसारखा खाचांचा असतो. खाचेच्या बाजूला काही कडी मिटून जातात, फुगीर बाजूला दिसतात. मधेच पाऊस खंडला आणि परत आला तर एका वर्षात दोन रेघा उमटतात, तेही होतं. तू खाचेकडून मोजत होतास, मी फुगाऱ्याकडून. दोघांनी प्रामाणिकपणे मोजलं होतं.

या नादाची सुरुवात ज्याने केली तो डग्लस अमेरिकेतला खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा फेरा झाडांत दिसतो का ते बघायला गेला आणि कोरड्या वर्षांच्या मागे लागला. त्याच्याकडे दोन माळा होत्या, म्हणजे झाडाझाडांची कडी एकमेकांशी जुळवून लावलेल्या वर्षांच्या ओळी. एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी, सालं पक्की. दुसरी जुन्या पडक्या वस्त्यांतल्या लाकडांची, आपापसांत जुळणारी पण काळात तरंगणारी. मधला दुवा सापडेना. 1929 मध्ये एका उत्खननात अर्धवट जळकी तुळई निघाली आणि तिने दोन्ही माळा जोडल्या. एका तुळईने! शेकडो वर्षांपूर्वीची घरं कोणत्या साली बांधली ते एका रात्रीत कळलं.

आपल्याकडेही झालंय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या लोकांनी केरळातल्या सागांवरून 523 वर्षांची माळ लावली आणि एल निनोच्या, कमी पावसाच्या वर्षांशी बारीक कडी जुळवून दाखवली. आशियातल्या तीनशेहून जास्त ठिकाणच्या झाडांवरून मागच्या हजार वर्षांच्या दुष्काळांचे नकाशे 2010 मध्ये निघाले. त्यात 1876-78 चा ठसठशीत आहे, 1790 नंतरचाही, आणि 1756 पासूनचा एक दुष्काळ तर दहा वर्षांहून लांबलेला. आपलं हवामान खातं 1875 चं. त्याआधी सातपुड्यात पाऊस किती पडला हे विचारायचं तर झाडालाच.

आणि आपली झाडं कुठे आहेत? जंगलात म्हातारा साग किती उरला ते तू बघतोसच. जुना साग आता घरांत आहे, तुळयांत, खांबांत, कडीपाटात. आणि खान्देशभर धाबी पडताहेत. व्यापारी येतो, घनफुटावर भाव करतो, महिन्याभरात त्या दोनशे वर्षांचा सोफा होतो. मी दादाच्या पाया पडून चौदांपैकी पाच तुळयांच्या चकत्या काढून घेतल्या. तो म्हणाला, "बापू, लाकडं मोजतोस का माणसं?" पाचांपैकी तीन एकमेकांशी जुळतात. ती तीन बारीक कडी तिन्हींत आहेत, त्यामुळे नुसती एका झाडावरची सावली नाही, पाऊसच चुकला असावा असा अंदाज करायला हरकत नाही. पण पाचही तासलेल्या. एकीलाही साल नाही. म्हणजे माझीही माळ तरंगतीच आहे.

आता तुझ्याकडे येतो. तुमच्या गोठ्यातला मधला सर, ती आडवी तुळई. तो कोणी तासलेला नाही, गोल आहे, आणि भिंतीकडच्या टोकाला साल अजून चिकटलेली आहे. मला पक्कं आठवतं, कारण त्या सालीच्या फटीत आपण चिंचोके लपवायचो आणि तू माझे चोरायचास. गोठा तुझ्या आजोबांनी कोणत्या साली बांधला ते तुमच्या जुन्या वहीत असेल. साल अंगावर म्हणजे शेवटचं कडं शाबूत. त्याची लय माझ्या तीन चकत्यांशी जुळली तर सगळी सालं एका दिवसात जागेवर बसतील. सर कापायचा नाही. सुक्या लाकडासाठी पोकळ गिरमिट असतं, त्याने पेन्सिलीएवढी कांडी निघते. भोक मी स्वतः लाकडाच्या खुंटीने बुजवीन, कोणाला दिसणार नाही. तू घर विकायला काढलंयस असं गल्लीत कळलं. विक, तुझा हक्क आहे, पण तेवढी कांडी काढेपर्यंत थांब.

मला दोन्हीची भीती वाटते, नाना. छप्पन निघाला नाही तर आबांना सांगावं लागेल. मास्तर म्हणून पस्तीस वर्षं पोरांना "उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नका" सांगितलं, आणि स्वतःच्या बापाला तेच करून दिलं. तुझी वहिनी म्हणते, एक्याण्णव वर्षांच्या माणसाला कशाला सांगायचं, शांत आहेत तर राहू दे. मला रात्री झोप येत नाही. त्यांनी त्या दोन पोरांसाठी पहिल्यांदा कुठेतरी बोट ठेवलं, ते बोट मी चुकीच्या जागी धरलं असेन तर? आणि चकतीवर छप्पन असेलच तर तो आणखी बाहेरच्या कड्यात असेल, किंवा वासल्याखाली गेलेल्या लाकडात असेल. मग बोट ठेवायला जागाच नाही. तू काय केलं असतंस? सल्ला म्हणून विचारत नाही. तू आबांच्या हातचं खाऊन वाढलास, म्हणून विचारतो.

ताईचं लग्न मार्गशीर्षात ना? येणार, आठ दिवस आधी येणार, वांगी आमच्या शेतातली आणि भरीत मी भाजणार. आमच्या वहिनींचा हात प्लास्टरमधून निघाला का? तुझ्या नाशकातल्या फ्लॅटला पाणी येतं की अजून टँकरच? सविस्तर लिही, मी नीट वाचेन.

आमच्या गोठ्याची किल्ली धोंड्याखाली ठेवायचो तशी तुमची कोणाकडे आहे ते कळव. पाऊस लागायच्या आत गिरमिट मारायला हवं, लाकूड ओलं झालं की कांडी तुटते. आत्ता हे लिहितोय तर बाहेर आबा दूधवाल्याच्या पोराला हाक मारताहेत. त्याचं बोट त्यांच्या हातात आहे, मला खिडकीतून दिसतंय.

तुझाच,
बापू